सात काव्यस्पर्धांत नंबर आला नाही. आता काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही सोलापूरच्या, वय २४, वहीत चाळीसेक कविता. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमातून. दीड वर्षात सात काव्यस्पर्धांना कविता पाठवली, एकदाही नंबर आला नाही. चार ठिकाणांहून सहभागाचं प्रमाणपत्र आलं आणि एका ठिकाणाहून ‘तुमची कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, १५०० रुपये भरा’ असा निरोप. आता तुम्ही विचारता आहात की चांगली स्पर्धा ओळखायची कशी, गझल पाठवली तर नंबर येण्याची शक्यता जास्त का, शुद्धलेखनामुळे मी मागे पडते का. आणि सगळ्यात शेवटी, जरा बिचकतच: एवढ्यांदा नाही आला, म्हणजे माझी कविता ही कविताच नाही का?

मी पंचवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं. वाचनालयं, महाविद्यालयं आणि गावोगावची साहित्य मंडळं यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते त्याला आता अठरा वर्षं होतील. त्याआधी बरीच वर्षं तुमच्यासारखीच पाकिटं पाठवत होते आणि निकालाची वाट बघत होते. त्यामुळे पाठवणारीची हुरहुर आणि वाचणारीची दमछाक, दोन्ही मला ठाऊक आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात ठसठसत राहिला तर बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही.

नंबर न येण्याचा अर्थ कळायला परीक्षकाच्या घरी काय होतं ते सांगते. आयोजकांकडून जाड पाकीट येतं, हल्ली फाइल येते. आत दोनशे-अडीचशे कविता. नावं काढलेली, प्रत्येकीवर फक्त क्रमांक. सोबत गुणपत्रिका: आशय, मांडणी, शब्दकळा, लय, एकूण परिणाम. मुदत आठवडाभराची. दिवसाची कामं आवरून मी रात्री जेवणानंतर वाचायला बसते. पहिल्या वाचनात मी गुण देतच नाही, नुसते ढीग करते. एक, पुन्हा वाचायच्याच अशा कवितांचा. दुसरा, खात्री नसलेल्यांचा. तिसरा, बाजूला ठेवायच्या. पहिल्या ढिगात पंचवीस-तीस येतात आणि त्यांतल्या दहा-बारा अगदी एकमेकींच्या तोडीच्या असतात. तिथून पुढे पहिली कोण आणि नववी कोण, हे परीक्षक कोण आहे त्यावर ठरतं. मला कमी बोलणारी कविता आवडते. माझ्या शेजारी बसणाऱ्यांना कदाचित ठणकावून सांगणारी आवडत असेल. दोघंही प्रामाणिक असतो आणि तरी आमचे आकडे जुळत नाहीत.

एका तालुक्याच्या वाचनालयाच्या स्पर्धेत आम्ही तिघं होतो. विहिरीवरची एक बारा ओळींची कविता मी पहिली लावली होती. दुसऱ्या परीक्षकांनी ती पहिल्या दहातही घेतली नव्हती, तिसऱ्यांनी सातवी लावली होती. बेरीज झाली तेव्हा ती उत्तेजनार्थमध्येसुद्धा बसली नाही. त्या कवितेत, वर्षानुवर्षं दोर घासून काठाच्या दगडाला पडलेल्या खाचेत एक मुलगी बोट घालून बघते, एवढंच होतं. मी आग्रह धरला, पण आकडे आकडेच राहिले. ती कविता कुणाची हे मला आजही माहीत नाही. लिहिणाऱ्या व्यक्तीला काही कळवता आलं नाही, ही रुखरुख अजून आहे. त्या व्यक्तीनेही तुमच्यासारखंच ‘माझी कविता कविताच नाही का’ असं स्वतःला विचारलं असेल.

म्हणजे सात वेळा नंबर नाही, याचे अर्थ दोन निघतात. कविता पहिल्या ढिगात पोचून तिथे अडली, किंवा त्या ढिगात आलीच नाही. पहिलं झालं असेल तर कवितेला फार हात लावायचं कारण नाही, पाठवत राहायचं. दुसरं झालं असेल तर कवितेवर काम करायला हवं. तुम्ही प्रश्नासोबत दिलेली कविता वाचून मला वाटतं, तुमचं दुसरं झालं असावं. स्पष्ट बोलते आहे, कारण याच्यावर इलाज आहे आणि तो तुमच्याच हातात आहे.

तुमची कविता अशी सुरू होते:

आई म्हणजे वात्सल्याचा झरा,
आई म्हणजे देवाघरचं देणं,
तिच्याविना या जगामध्ये
सारं काही उणं.

यातला प्रत्येक शब्द तुम्ही मनापासून लिहिला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या गठ्ठ्यात आईवरच्या कवितांचीच एक मोठी चळत असते. मग बाप, मग पाऊस, मग शेतकरी. आईवरच्या कवितांत हा झरा, हे देणं आणि पुढे तुमच्या तिसऱ्या कडव्यात येणारा मायेचा पदर पुन्हा पुन्हा भेटतात. रात्री अकरा वाजता चाळिसावा झरा वाचणाऱ्या माणसाला तुमची आई दिसत नाही. दिसते ती कुणाचीही आई. मग हात आपोआप तिसऱ्या ढिगाकडे जातो.

आणि त्याच प्रश्नात, घरची माहिती देताना, तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘आई विड्या वळते. तिच्या बोटांना कायम तंबाखूचा वास यायचा, म्हणून लहानपणी मी तिच्या हातचा घास घ्यायचे नाही, चमचा मागायचे.’

या वाक्यापाशी मी थांबले. ही एवढी गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही पाकिटातून येणार नाही.

पण लगेच ‘विडी कामगार आई’ असा मथळा टाकून लिहायला बसू नका. कष्टकरी आईच्या कवितेचाही आता साचा झाला आहे: घामाचे मोती, भेगाळलेले हात, ठिगळाचं लुगडं. त्यात मांडीवरचं सूप, तेंदूची पानं, कात्री, दोरा, दिवसाच्या हजार विड्यांचा हिशेब हे सगळं ओतलं की वाचणाऱ्याला विडीच्या धंद्याची माहिती मिळेल, पण त्याला चटका बसेलच असं नाही. तुमच्या वाक्यात जे आहे ते चमच्यात आहे. मुलीला आईच्या बोटांची शिसारी आलेली आहे आणि तो घासही त्याच बोटांच्या मजुरीतून आलेला आहे. आई तेव्हा काय म्हणाली? उठून मुकाट्याने चमचा आणला? हात पुन्हा धुऊन आली? हसली? मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते जसं घडलं तसं लिहा. ‘आई, मला माफ कर’ असं कवितेत म्हणू नका. ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटायला हवं.

मी स्वतः काम कसं करते ते सांगते. तुम्हाला रुचेल तेवढं घ्या. आधी तो प्रसंग साध्या गद्यात लिहिते, दहा-पंधरा वाक्यं, कवितेचा विचार न करता. मग मोठ्याने वाचते. जिथे जीभ अडते किंवा आवाज उगाच गहिवरतो तिथे पेन्सिलीने खूण. मग ओळी पाडते. त्यानंतर कागद घडी घालून ठेवून देते, निदान तीन आठवडे. हा वेळ फार महत्त्वाचा आहे, आणि नव्याने लिहिणारे तोच देत नाहीत. रात्री लिहिली, सकाळी पाठवली, असं होतं. तीन आठवड्यांनी कविता काढली की पहिलं कडवं आणि शेवटच्या दोन ओळी झाकून वाचते. पहिल्या कडव्यात बहुधा मी नुसती घसा साफ करत असते आणि शेवटच्या दोन ओळींत कवितेचा अर्थ समजावून सांगत असते. झाकल्यावर काही बिघडत नसेल तर दोन्ही काढते. दरवेळी असंच होईल असं नाही. कधी पहिलं कडवंच कवितेचा पाया निघतं. पण झाकून बघायला काहीच पडत नाही.

आता गझलेचं. ‘गझलेला नंबर मिळतो’ हे तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटं नाही. वाचनाच्या स्पर्धेत गझलेच्या शेराला सभागृहातून दाद मिळते आणि दादेचा परीक्षकांवर परिणाम होतो, आम्हीही माणसंच. पण लेखी स्पर्धेत तीच गझल अडचणीची होते, कारण तिचे नियम मोजून तपासता येतात. चुकली तर परीक्षकाला फार विचार करावा लागत नाही. नमुन्यासाठी आत्ता एक ओळ केली:

पुन्हा पावसाने दिली हाक दारी

हे भुजंगप्रयात वृत्त आहे, १२ अक्षरं, लघु-गुरू-गुरू असा गण चार वेळा. पु-न्हा-पा, व-सा-ने, दि-ली-हा, क-दा-री. आता दोनच शब्दांची अदलाबदल करते:

पुन्हा पावसाने हाक दिली दारी

अक्षरं तीच बारा. मात्रा मोजल्या तर दोन्हीकडे २०. अर्थ तोच. तरी वृत्त मोडलं, कारण तिसऱ्या गणात आता हा-क-दि असं गुरू-लघू-लघू आलं आणि चौथ्यात तिन्ही गुरू. नुसत्या मात्रा मोजून ‘बसली’ म्हणणारे इथेच फसतात. आणखी एक बारकावा: जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं असं आपण शाळेत शिकतो, पण ‘पुन्हा’मधला ‘पु’ लघूच राहतो, कारण उच्चारताना त्याच्यावर आघात पडत नाही. ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ यांचंही तसंच. वृत्त बसल्यावर पुन्हा मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया म्हणजे यमक, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया, काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षरांच्या आधीचा स्वर म्हणजे अलामत सांभाळायची, काफियानंतर येणारा शब्द म्हणजे रदीफ असेल तर ती न बदलता ठेवायची. हे शिकायचं असेल तर जरूर शिका. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका आजही त्यासाठी सगळ्यांत सोपी आहे. मात्र नंबरासाठी शिकू नका. शिवाय गझलेत प्रत्येक शेर आपापला स्वतंत्र उभा राहतो. तुमच्याकडे आहे तो एक सलग प्रसंग. चमच्याची गोष्ट शेरांत तोडली तर तिचा जीव जाईल. या कवितेसाठी मुक्तछंद बरा. लय हवीच असेल तर अभंगाचा घाट वापरून बघा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. तो चौथा आखूड चरण वाक्य मध्येच थांबवतो आणि असल्या विषयाला ते थांबणं मानवतं.

मोबाइलवरच्या गटांत अष्टाक्षरी, चारोळी, हायकू यांच्या रोजच्या स्पर्धा चालतात, त्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सात स्पर्धांपैकी तीन तिथल्याच दिसतात. दिलेल्या विषयावर संध्याकाळपर्यंत रचना द्यायची, रात्री निकाल. हात चालता राहायला ठीक. पण तिथे जवळजवळ सगळ्यांना ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्कृष्ट’ मिळतं, आणि ते शब्द रोज मिळत राहिले की आपल्याला आपली चूक दिसेनाशी होते. महिन्यातून एकदा जा, रोज नको.

शुद्धलेखन. याने मागे पडता का? थोड्या पडता, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. दोन-चार वेलांट्या चुकल्या म्हणून मी कधी चांगली कविता बाजूला ठेवलेली नाही. सारख्या चुका असतील तर मात्र वाचताना खडे लागतात आणि दमलेला परीक्षक तेवढ्यानेही उचकतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, ते मिळवून एका रविवारी वाचून काढा. तुमच्या मजकुरात तुम्ही ‘कवि’ लिहिलंय आणि ‘कवीसंमेलन’ लिहिलंय. बरोबर उलटं हवं: एकटा असताना ‘कवी’ दीर्घ, समासात पुढे शब्द आला की ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. ‘गुरू’ आणि ‘गुरुकृपा’ तसंच. तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती घरच्या भाषेतून येते: लिंग. वस्तूंची तीन लिंगं मराठीत जशी वाटलेली आहेत तशी तेलुगूत नाहीत, म्हणून तुमच्याकडून ‘वात जळाला’, ‘तो सूप’ असं होतं. यावर नियम पाठ करून उपाय नाही. मराठी घरातल्या एका मैत्रिणीला पाठवण्याआधी एकदा वाचायला द्या आणि फक्त एवढंच तपासायला सांगा. ‘कशी वाटली’ विचारू नका, ती छानच म्हणेल.

तेलुगू घरातून आल्याचं ओझं मात्र मनावर घेऊ नका. २००६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तुमच्याच गावात भरलं, त्याचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली सोलापुरातच जन्मलेले आणि घरी तेलुगू बोलणारे. ही भाषा कुणाच्या घरची आहे हे परीक्षकाला क्रमांकावरून कळतही नाही.

इथवर कवितेचं झालं: साचा सोडायचा, चमचा धरायचा, तीन आठवडे थांबायचं, लिंगं तपासून घ्यायची. आता ती कुठे पाठवायची.

स्पर्धा चांगली की नाही हे बक्षिसाच्या रकमेवरून ठरवू नका. मी तीन गोष्टी बघते. परीक्षकांची नावं निदान निकालाबरोबर तरी जाहीर करतात का? मागच्या वर्षी नंबर आलेल्या कविता कुठे वाचायला मिळतात का? आणि बक्षीस समारंभात परीक्षक कवितांबद्दल बोलतात का, की हार-तुऱ्यांतच वेळ जातो? यांतलं दुसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. नंबर आलेल्या कविता वाचल्या की आपली कुठे बसते याचा अंदाज स्वतःलाच येतो आणि त्या स्पर्धेची आवडही कळते. जुनी सार्वजनिक वाचनालयं, महाविद्यालयांचे मराठी विभाग, शाखा असलेल्या साहित्य संस्था यांच्या स्पर्धा बहुधा या कसोटीला उतरतात. बहुधा म्हणते, कारण माणसं बदलली की संस्थाही बदलते. ५०-१०० रुपये प्रवेश शुल्क असेल तर त्यात वावगं नाही, छपाई-टपालाला खर्च येतो. शुल्क मोठं, बक्षिसं मोघम आणि परीक्षकांचा पत्ता नाही, असं असेल तर सोडून द्या.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या निमित्ताच्या स्पर्धांची पत्रकं जानेवारीतच फिरू लागतात. वर्षातल्या सगळ्यांत जास्त स्पर्धा तेव्हाच असतात आणि सगळ्यांत जास्त घाईही. पत्रक आल्यावर लिहायला बसलात तर पुन्हा झराच येईल. डिसेंबरात कविता तयार हवी.

नियम शेवटपर्यंत वाचा. ‘२० ओळींपर्यंत’ म्हटलं असेल तर २१ नको. आयोजकांची मुलं-मुली ओळी मोजतात आणि तिथेच वगळतात, आमच्यापर्यंत ती येतही नाही. कवितेच्या पानावर नाव, फोन, सही काही नको, ते वेगळ्या पानावर. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मी एकदा अशा चार कविता आयोजकांना परत पाठवून नव्याने मागवल्या होत्या, पण प्रत्येक जण मागवेलच असं नाही. वेलबुट्टी, गुलाबाचं चित्र, रंगीत अक्षरं काढून टाका.

‘अप्रकाशित’ या अटीचा घोळ फार होतो. समाजमाध्यमावर टाकलेली कविता प्रकाशित धरायची का? कुणी धरतात, कुणी नाही. विचारून घ्या, उत्तर जपून ठेवा. निकाल लागेपर्यंत ती कविता स्टेटसलाही ठेवू नका, म्हणजे प्रश्नच उरत नाही. एकच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायची नाही, नियमात स्पष्ट परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या यादीत ही आईची कविता एकाच महिन्यात तीन ठिकाणी गेलेली दिसते. तिन्हीकडे नंबर आला असता तर तुमचीच पंचाईत झाली असती.

आता ते १५०० रुपये. भरू नका. सुरुवातीच्या काळात मीही अशा एका संग्रहात पैसे भरून कविता दिली होती. पुस्तक आलं तेव्हा माझ्या कवितेचं शेवटचं कडवं दुसऱ्याच कुणाच्या कवितेखाली छापलेलं होतं. दुरुस्ती करायला कुणी नव्हतं, कारण पैसे जमा झाल्यावर संपादक म्हणून कुणी उरलंच नव्हतं. असल्या संग्रहात ‘निवड’ हा शब्द असतो, पण कुणाची कविता नाकारली असं ऐकू येत नाही. ‘आयएसबीएनसह’ असंही मोठ्या अक्षरांत सांगतात. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. भारतात तो सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यात पुस्तकाच्या दर्जाची कसलीच हमी नसते. मित्रमैत्रिणी मिळून, हिशेब मांडून, एक छोटा संग्रह काढत असाल तर ती गोष्ट वेगळी आणि आनंदाची. अनोळखी निरोपाला पैसे पाठवणं नको.

याच्याशीच जोडून हक्कांचं. कविता लिहिली की तिचा कॉपीराइट त्याच क्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून अर्जात ‘साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं वाक्य दिसलं की थांबा. नंबर आलेली कविता एकदा छापायची किंवा कार्यक्रमात वाचायची परवानगी मागणं रास्त आहे. सर्व हक्क मागणं रास्त नाही. फोन करून विचारा. बऱ्याचदा कुठलं तरी जुनं पत्रक तसंच उतरवलेलं असतं आणि ते वाक्य काढतात.

वाचनाच्या स्पर्धेला जाणार असाल तर एवढंच: वेळ बहुधा तीन मिनिटांची असते, घरी फोनवर वेळ लावून वाचून बघा आणि अडीच मिनिटांत संपवा. ‘ही कविता मला कशी सुचली’ हे सांगत बसू नका. चमच्याच्या कवितेला तर मुळीच नको, सुचण्याची गोष्ट हीच तिथे कविता आहे. गाऊन म्हणणाऱ्यांना टाळ्या जास्त मिळतील. त्याने हलू नका, आवाज खाली ठेवून वाचा.

स्पर्धेखेरीज दुसरे मार्गही आहेत आणि तेही धरून ठेवा. दिवाळी अंकांची परंपरा आपल्याकडे १९०९ पासूनची आहे. अजूनही बरेच संपादक नवख्यांच्या कविता मनापासून वाचतात. जून-जुलैमध्ये तीन-चार कविता, दोन ओळींचं पत्र, बस. उत्तर आलं नाही तर राग धरू नका. आलं आणि ‘तिसरं कडवं पुन्हा बघा’ असं असलं, तर ते कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जपून ठेवा. स्पर्धेत तुम्हाला निकाल मिळतो, संपादकाकडून कधी कधी कारण मिळतं, आणि शिकायला कारणच लागतं. संमेलनातल्या कविकट्ट्यासाठीही कविता मागवतात. तिथे नंबर नसतो, पण दिवसभर बसून दुसऱ्यांच्या शंभर कविता कानांवर पडतात. ते एकदा करून बघाच. पुस्तकाची घाई नको. वेळ आली की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, साहित्य अकादमीचा ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार आहे. हाताशी अजून बरीच वर्षं आहेत.

वर्षाला किती स्पर्धा? मी तीन म्हणेन. तीनच असल्या की प्रत्येकीसाठी एक पूर्ण झालेली कविता द्यावी लागते आणि ती पूर्ण करायला वेळही मिळतो. ज्यांची नोकरी नाही, हाताशी वेळ आहे, त्यांना पाचही जमतील. तुम्ही दिवसभर दुकानात उभ्या असता असं लिहिलंय, म्हणून तीन.

राहता राहिली चमच्याची कविता. घरात पानाला, सुपाला, दोऱ्याला जे तेलुगू शब्द असतील त्यांतला एखादा कवितेत तसाच येऊ द्या, कंसात अर्थ देऊ नका. वाचणारा संदर्भाने ओळखेल, नाही ओळखला तरी त्याचा आवाज त्याला ऐकू येईल. आणि पाठवण्याआधी ती आईला वाचून दाखवायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कविता पूर्ण झाली की हा प्रश्न समोर येईलच. माझं उत्तर, दाखवायची. तिला मराठी कविता नीट लागत नसेल तर तेलुगूत सांगा, ओळीमागून ओळ. ही तुमची आठवण आहे तशी तिचीही आहे, आणि तिला तो चमचा वेगळाच आठवत असेल. ती काही दुरुस्त करून देईल, तर तेवढी जागा पुन्हा लिहा. ‘नको पाठवूस’ म्हणाली तर वहीत ठेवा आणि २७ फेब्रुवारीला दुसरी पाठवा.